एकट्याने स्कायडायव्हिंग शिकायचे आहे? मुंबईकरांनी प्रशिक्षणाची पद्धत कशी निवडावी

प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून घेऊन एकदा उडी मारणे वेगळे आणि स्वतःच्या पाठीवरची छत्री, म्हणजे पॅराशूट, स्वतःच्या हाताने उघडून, ती हवेत वळवून, ठरलेल्या मैदानात उतरणे वेगळे. पहिल्या प्रकाराला टँडेम म्हणतात. त्यासाठी जेमतेम अर्ध्या तासाच्या सूचना पुरतात आणि सगळी जबाबदारी प्रशिक्षक उचलतो. दुसऱ्या प्रकारासाठी मात्र रीतसर शिकावे लागते. शिकण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत: स्टॅटिक लाइन, एएफएफ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल, आणि टँडेमपासून सुरुवात करून पुढे एएफएफकडे नेणारी मिश्र पद्धत. तिन्हींचा शेवट एकट्याने उडी मारण्याच्या एकाच परवान्यात होतो, परंतु तिथवर पोहोचण्याची वाट, लागणारे दिवस आणि मनावर येणारा ताण यांत बराच फरक आहे.

निवड करताना बहुतेक जण पहिल्या उडीचा खर्च आणि मुक्तपतनाचा, म्हणजे छत्री उघडण्याआधी नुसते खाली पडत राहण्याचा, थरार यांच्याकडे पाहतात. माझ्या मते मुंबईत राहणाऱ्याने सर्वांत आधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा: ड्रॉप झोनच्या, म्हणजे जिथे विमानातून उड्या मारून उतरतात त्या मैदानाच्या, जवळ सलग किती दिवस राहणे मला शक्य आहे? विद्यार्थ्याच्या दोन उड्यांमध्ये जितके अंतर पडते तितके शिकलेले हातून निसटते. मुंबईच्या आसपास असा एकही ड्रॉप झोन नाही, जिथे शनिवारी सकाळी निघून दोन उड्या मारून रविवारी रात्री घरी परतता येईल. या एका वस्तुस्थितीमुळे इतर शहरांतल्या लोकांना दिलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

स्टॅटिक लाइन

ही तिन्हींपैकी जुनी पद्धत. लष्करातले पॅराट्रूपर याच पद्धतीने उड्या मारतात आणि भारतीय हवाई दलाच्या आग्र्यातील पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांना हीच शिकवली जाते. साताऱ्या-कोल्हापूरकडे घरोघरी फौजी असल्यामुळे अनेकांनी काका-मामांच्या तोंडून या उड्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांवरून नागरी प्रशिक्षणाचा अंदाज बांधू नये. लष्करी गोल छत्री फारशी वळवता येत नाही, त्यामुळे सैनिक बऱ्यापैकी वेगाने जमिनीला टेकतो आणि गडगडत उतरतो. नागरी विद्यार्थ्याला मिळते ती आयताकृती, कप्प्यांमध्ये हवा भरून पंखासारखी ताठ होणारी रॅम-एअर छत्री. ती पुढे उडते, दोरीच्या ओढीने वळते, आणि शेवटच्या क्षणी दोन्ही दोऱ्या एकत्र खाली ओढल्या की तिचा वेग मंदावून पाय अलगद टेकतात.

या पद्धतीत विमान साधारण ३,००० ते ४,००० फुटांवर जाते. छत्रीच्या पिशवीला जोडलेला एक मजबूत पट्टा विमानात अडकवलेला असतो. विद्यार्थी बाहेर पडला की त्याच्या वजनाने पट्टा ताणला जातो आणि छत्री काही सेकंदांत आपोआप उघडते. म्हणजे मुक्तपतन जवळजवळ नसतेच. पुढची तीनेक मिनिटे मात्र विद्यार्थी पहिल्याच उडीपासून एकटा असतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर जमिनीवरचा प्रशिक्षक त्याला वळणे सांगत असतो. यानंतरच्या उड्यांत छत्री पट्ट्यानेच उघडते, परंतु विद्यार्थी आपणच ती उघडत आहोत अशी हाताची कृती करून दाखवतो. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या, म्हणजे यूएसपीएच्या अभ्यासक्रमात अशा किमान ५ उड्या आणि त्यांत लागोपाठ ३ वेळा ही कृती बिनचूक जमणे आवश्यक असते. त्यानंतरच स्वतःच्या हाताने छत्री उघडण्याची परवानगी मिळते. सुरुवातीला बाहेर पडताच उघडायची, मग ५ सेकंदांनी, मग १० सेकंदांनी, अशा रीतीने उंची आणि विलंब हळूहळू वाढवत नेले जातात.

याच पद्धतीची एक बहीण आहे. तिला इन्स्ट्रक्टर असिस्टेड डिप्लॉयमेंट किंवा आयएडी म्हणतात. तिच्यात पट्ट्याऐवजी प्रशिक्षक विद्यार्थ्याची पायलट छत्री, म्हणजे मुख्य छत्रीला बाहेर ओढणारी छोटी छत्री, हातात धरून ठेवतो आणि विद्यार्थी विमान सोडत असताना प्रशिक्षकच ती हवेत फेकतो. बाकी क्रम तोच असल्यामुळे निवडीच्या दृष्टीने दोन्ही एकच समजायला हरकत नाही.

स्टॅटिक लाइनचा मोठा गुण असा की विद्यार्थ्यापुढे एका वेळी एकच नवीन गोष्ट येते. आधी बाहेर पडणे आणि छत्री हाताळणे, मग उघडणे, मग पडणे. ज्यांना पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाणे रुचत नाही त्यांना ही पद्धत मानवते. तिला मोठे विमानही लागत नाही. सेस्ना १८२ सारखे, पायलट धरून चार-पाच जण मावणारे विमान पुरते आणि खूप उंच जायचे नसल्यामुळे कमी उंचीचे ढगही तितके आड येत नाहीत. उणीव अशी की खरे मुक्तपतन शिकायला सुरुवात होईपर्यंत बऱ्याच उड्या आणि बरेच दिवस खर्ची पडतात. शिवाय एकेक टप्पा ओलांडत असताना मध्ये महिनाभराचा खंड पडला की आधीचा टप्पा पुन्हा करावा लागण्याची शक्यता असते. ड्रॉप झोन घरापासून तासाभरावर असणाऱ्याला याचे फारसे काही वाटणार नाही. बोरिवलीहून किंवा डोंबिवलीहून दर वेळी विमानाचे तिकीट काढून जाणाऱ्याला मात्र ते परवडत नाही, आणि इथे मी केवळ पैशांबद्दल बोलत नाही.

एएफएफ

एएफएफ पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुजली आणि आज जगभरातल्या बहुतेक मोठ्या ड्रॉप झोनवर तीच मुख्य पद्धत आहे. यात पहिलीच उडी साधारण १०,००० ते १४,००० फुटांवरून असते. दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या दोन्ही बाजूंना त्याला धरून त्याच्याबरोबर विमानातून बाहेर पडतात, ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने तिघे मिळून खाली येतात, आणि ठरलेल्या उंचीला विद्यार्थ्याने स्वतःची छत्री स्वतः उघडायची असते. त्याने उघडली नाही तर प्रशिक्षक उघडतो. छत्री उघडल्यानंतर मात्र इथेही तो एकटाच असतो.

या उंचीचे गणित नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळे शिक्षण त्याभोवती फिरते. पहिले १,००० फूट पडायला सुमारे १० सेकंद लागतात. त्यानंतर वेग स्थिर होतो आणि पुढचे प्रत्येक १,००० फूट साडेपाच सेकंदांत सरतात. १३,००० फुटांवरून निघालेल्या विद्यार्थ्याने बहुतेक ठिकाणी ५,५०० फुटांवर छत्री उघडायची असते, म्हणजे त्याच्या हाती पाऊण मिनिट असते. ५,५०० फूट ही उंची कळसूबाईच्या शिखराच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा जेमतेम शंभर फुटांनी जास्त आहे. छत्रीत बिघाड असल्यास मुख्य छत्री टाकून राखीव छत्री उघडण्याचा निर्णय विद्यार्थ्याने २,५०० फुटांपर्यंत खाली येण्याआधी घ्यायचा असतो, आणि ती उंची साधारण माथेरानच्या पठाराएवढी भरते. मुक्तपतनाच्या वेगाने कळसूबाईपासून माथेरानपर्यंतचे हे अंतर सोळा-सतरा सेकंदांत संपते. छत्री पूर्ण किंवा अर्धी उघडली असेल तर वेळ यापेक्षा जास्त मिळतो, पण उंचीकडे दुर्लक्ष करण्याएवढा तो कधीच नसतो.

पद्मश्री शीतल महाजन यांच्या दोन उड्यांवरून उंची आणि पद्धत यांचा संबंध मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर त्यांनी हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी मारली. त्या उंचीवर मुक्तपतनाला वावच नसतो, छत्री लगेच उघडावी लागते. २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला नऊवारी नेसून मारलेली त्यांची उडी सुमारे १३,००० फुटांवरची होती, तिथे मुक्तपतन हाच मुख्य भाग होता. या दोन प्रकारांत शरीराला आणि मनाला करावे लागणारे काम अगदी वेगळे आहे.

एएफएफचा जमिनीवरचा वर्ग साधारण दिवसभराचा असतो. त्यात छत्रीची रचना, बिघाडांची चित्रे, उतरण्याचा मार्ग आणि हातखुणा शिकवल्या जातात. मुक्तपतनात वाऱ्याच्या आवाजामुळे बोललेले ऐकू येत नाही, म्हणून प्रशिक्षक चेहऱ्यासमोर हात धरून खुणा करतो: अंगठा खाली म्हणजे कंबर पुढे ढकल आणि अंगाची कमान कर, दोन बोटे सरळ म्हणजे पाय लांब कर, तर्जनी रोखली म्हणजे छत्री उघड. मग दाराची तालीम होते. विमानाच्या दाराचा लाकडी सांगाडा असतो किंवा उभ्या विमानातच सराव घेतात. विद्यार्थी दारात पवित्रा घेतो, आतल्या प्रशिक्षकाकडे वळून ‘चेक इन’ असे ओरडतो, तो मान हलवतो. मग बाहेरच्या प्रशिक्षकाकडे पाहून ‘चेक आउट’, त्याचीही मान हलते. त्यानंतर समोर नजर, अंग किंचित वर, खाली, आणि कमान करत बाहेर. हे पुन्हा पुन्हा करायला लावतात. पहिल्या पाच-सहा वेळी विद्यार्थी हमखास काहीतरी विसरतो, बहुधा मान हलण्याची वाट पाहायचेच विसरतो. दुपारी उशिरा केव्हातरी हे शब्द आणि शरीर एका तालात येतात, आणि चांगला प्रशिक्षक ते आल्याशिवाय वर नेत नाही.

पहिल्या तीन टप्प्यांत सामान्यतः दोन प्रशिक्षक असतात, चौथ्यापासून एक. टप्प्याटप्प्याने ९० अंशांचे वळण, पूर्ण गिरकी, मुद्दाम तोल घालवून पुन्हा सावरणे, पुढे सरकणे हे करून दाखवावे लागते. बहुतेक ठिकाणी असे ७ किंवा ८ टप्पे असतात. यूएसपीएचा एकात्मिक अभ्यासक्रम ‘ए’ ते ‘एच’ अशा ८ विभागांत मांडलेला आहे, आणि त्याचा ‘ए’ परवाना मिळवायला एकूण किमान २५ उड्या, लेखी व तोंडी परीक्षा, स्वतः छत्री घडी करणे, इतरांबरोबर मुक्तपतन करणे आणि नेमलेल्या लक्ष्यापासून २० मीटरच्या आत ५ वेळा उतरून दाखवणे आवश्यक असते. म्हणजे सात-आठ टप्पे संपले की शिक्षण संपले, असे समजणे चुकीचे आहे. ते परवान्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच आलेले असते.

एएफएफचा दोष सांगायचा तर तो एकच आणि मोठा आहे. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यावर सगळे एकदम येऊन आदळते: दार, वारा, वेग, मनगटावरचे उंचीमापक, दोन माणसांचे हात, खुणा. चांगल्या तयारीच्या माणसालाही पहिल्या उडीतल्या पाच-दहा सेकंदांचे नंतर काहीच आठवत नाही, असे सर्रास घडते. टप्पा नापास झाल्यास तो पुन्हा करावा लागतो आणि त्याचे शुल्क प्रशिक्षकांच्या जागांसह पुन्हा भरावे लागते.

टँडेमपासून सुरुवात

या पद्धतीत पहिल्या एक-दोन उड्या टँडेम असतात, पण पर्यटकांसारख्या नाहीत. विद्यार्थ्याच्या मनगटावर उंचीमापक असते, ठरावीक उंचीला तो मापक वाचून प्रशिक्षकाला दाखवतो, छत्री उघडण्याची कृती करतो, आणि छत्री उघडल्यावर दोऱ्या हातात घेऊन वळणे घेतो. पुढे तो एएफएफच्या वर्गात जातो आणि काही केंद्रांमध्ये त्याला एका प्रशिक्षकाबरोबरच सुरुवात करता येते. जागेच्या दृष्टीनेही हे सोयीचे पडते, कारण छोट्या विमानात दोन प्रशिक्षक आणि एक विद्यार्थी मिळून जवळजवळ सगळ्या जागा अडवतात.

आपण दारातून बाहेर पडू शकू की नाही याचीच ज्यांना खात्री नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. मात्र नावनोंदणीच्या वेळी ही टँडेम प्रशिक्षणात धरली जाणार आहे का, ती विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्यांच्या नोंदवहीत, तशी लिहिली जाणार आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. अनेकांची पहिली टँडेम हौसेची निघते आणि तिचा पुढे काही उपयोग होत नाही.

मुंबईकराचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यूएसपीएच्या नियमांनुसार ३० दिवसांत एकही उडी न मारलेल्या विद्यार्थ्याने पुढची उडी प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखाली मारणे अपेक्षित असते, आणि अनेक केंद्रे त्याहूनही कडक असतात. शिवाय नियम बाजूला ठेवला तरी पंधरा दिवसांनी पुन्हा दारात उभे राहिलेल्या नवख्याला पहिल्या दिवसासारखीच धडधड होते आणि अर्धी उडी मागचे आठवण्यात जाते. म्हणून सलग दहा-बारा दिवसांची रजा मिळवू शकणाऱ्या मुंबईकराने एएफएफ निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाला दोन, क्वचित तीन उड्या होतात. सात-आठ टप्पे चार-पाच उडण्यायोग्य दिवसांत बसतात आणि उरलेल्या दिवसांत परवान्याच्या दिशेने बरीच मजल मारता येते.

उडण्यायोग्य दिवस आणि रजेचे दिवस यांत फरक असतो. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा अनुभवी लोकांपेक्षा बरीच कमी असते, यूएसपीएमध्ये ती ताशी १४ मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. ढगातून उडी मारता येत नाही. दुपारी जमीन तापून वर उठणाऱ्या हवेमुळे विद्यार्थ्यांच्या उड्या बऱ्याचदा सकाळी आणि संध्याकाळीच होतात. तेव्हा दर तीन दिवसांतला एक दिवस हवामानात जाणार असे धरूनच रजा मागावी. परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे काढलेले बरे.

भारतात हरियाणातल्या नारनौलजवळच्या धावपट्टीवर नागरी प्रशिक्षण चालते. मुंबईहून दिल्ली आणि तिथून रस्त्याने काही तास, असा हा प्रवास आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे सकाळी दाट धुके पडते आणि मे महिन्यात उष्ण वारे व धूळ असते, त्यामुळे दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी-मार्च हे महिने मुंबईकराच्या सोयीचे ठरतात. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीला जोडून बेत आखण्याची आपली सवय इथे कामाची नाही. परदेशात जायचे असल्यास पट्टाया आणि दुबई ही जवळची ठिकाणे आहेत, आणि दोन्हीकडे आपल्या हिवाळ्याचे महिने चांगले. स्पेनमधील एम्पुरियाब्रावा किंवा कॅलिफोर्नियातील पेरिस व्हॅलीसारख्या मोठ्या ड्रॉप झोनवर दिवसभर विमाने वर-खाली करत असतात, त्यामुळे तेवढ्याच रजेत उड्या जास्त होतात. विमानाचे भाडे आणि व्हिसा धरूनही काहींना हा पर्याय दर उडीच्या हिशेबाने स्वस्त पडू शकतो, म्हणून आकडेमोड करून पाहावी.

रजा चार-पाच दिवसांचीच असेल आणि वर्षातून एक-दोनदाच मिळत असेल तर काय? अशा वेळी एएफएफ अर्धवट सोडून येण्यापेक्षा नारनौलसारख्या ठिकाणी स्टॅटिक लाइन उपलब्ध आहे का ते पाहून त्याच्या पहिल्या काही उड्या घ्याव्यात. स्वतःच्या छत्रीखाली एकट्याने उतरण्याचा अनुभव त्यातून पूर्ण मिळतो आणि तो पुढे कोणत्याही पद्धतीत उपयोगी पडतो. नोकरी बदलून किंवा बदली होऊन दिल्ली-गुरुग्रामला गेलेल्यांनी तर स्टॅटिक लाइनचा गांभीर्याने विचार करावा. त्यांच्याकडे दर आठवड्याचा शनिवार-रविवार असतो, आणि या पद्धतीला नेमके तेच लागते.

शरीर, वजन आणि घरचे

बहुतेक केंद्रांमध्ये वयाची अट १८ वर्षे पूर्ण अशी असते आणि वजनाची मर्यादा अनेक ठिकाणी १०० किलोच्या आसपास. वजन जास्त असेल तर छत्री मोठी लागते आणि एएफएफमध्ये प्रशिक्षकाला तुमच्या वेगाशी वेग जुळवणे अवघड जाते, म्हणून काही ठिकाणी तुम्हाला स्टॅटिक लाइन सुचवतील. तो सल्ला अपमान समजू नये. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर ही गोष्ट लपवणे धोक्याचे आहे, कारण मुक्तपतनात हात वाऱ्याच्या दाबाखाली असतात आणि नेमक्या छत्री उघडण्याच्या क्षणी खांदा पुन्हा निखळू शकतो. सर्दीने नाक-कान बंद असताना उंचीवरून झपाट्याने खाली येणे कानांना झेपत नाही. स्कूबा डायव्हिंग केले असेल तर त्यानंतर किमान २४ तास जाऊ द्यावेत, म्हणजे मालवण-तारकर्लीची सहल आणि उडी लागोपाठच्या दिवशी ठेवू नये. विम्याची कागदपत्रेही नीट वाचावीत, कारण बऱ्याच पॉलिसी साहसी खेळांतील इजा वगळतात.

घरच्यांना न सांगता जाऊ नये. आई-वडिलांची भीती बहुधा छत्री न उघडण्याची असते. त्यांना दाखवून द्यावे की विद्यार्थ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, राखीव छत्री प्रमाणित तंत्रज्ञाने घडी केलेली असते, आणि विद्यार्थी ठरलेल्या उंचीखालीही वेगाने पडत असेल तर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र, ज्याला एएडी म्हणतात, ते त्या पिशवीत बसवलेले असते. खरी काळजी घ्यायची ती उघड्या छत्रीखाली. या खेळातल्या दुखापतींचा मोठा वाटा नीट उघडलेल्या छत्रीने चुकीच्या पद्धतीने उतरताना होतो: जमिनीजवळ घेतलेले तीव्र वळण, वाऱ्याच्या दिशेने उतरणे, पाय फाकवून टेकणे. म्हणून पद्धत कोणतीही घ्या, छत्री हाताळणे शिकवायला केंद्र किती वेळ देते हे विचारा. १,००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० फुटांच्या सुमारास आडवे आणि ३०० फुटांपासून वाऱ्यासमोर, असा उतरण्याचा चौकोनी मार्ग प्रत्येक उडीआधी जमिनीच्या नकाशावर बोटाने आखून घेणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

मुंबईत राहून करण्याजोगी तयारी

मुक्तपतनात स्थिर राहण्याचे सूत्र म्हणजे कंबर पुढे, मान वर, हातपाय सैल. पोटावर झोपून छाती, हात आणि पाय जमिनीपासून उचलून ही कमान घरी रोज धरता येते. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी ज्यांनी मल्लखांब केला आहे त्यांना कमान आणि शरीराचे भान लवकर येते, परंतु त्यांनी सैल राहण्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे, कारण ताठ अंग हवेत डोलते आणि गिरक्या घेऊ लागते. उतरताना पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, पोटरी, मांडी, नितंब आणि पाठ अशा क्रमाने गडगडणे शिकवतात. ज्युदो किंवा कुस्तीचा आखाडा पाहिलेल्यांना ते परके वाटणार नाही.

हैदराबादला इनडोअर स्कायडायव्हिंग म्हणजे उभ्या वाऱ्याचा बोगदा आहे. एएफएफ निवडणाऱ्याने जाण्याआधी तिथे प्रशिक्षकाबरोबर थोडा वेळ घालवला तर पहिल्या टप्प्यांतली नापास होण्याची शक्यता कमी होते आणि ते पैसे बहुधा वसूल होतात. स्टॅटिक लाइन घेणाऱ्याला सुरुवातीला त्याचा फारसा उपयोग नाही. बोगदा उंचीचे भान, छत्री उघडणे आणि उतरणे शिकवत नाही हे लक्षात ठेवावे. तीच गोष्ट कामशेतच्या पॅराग्लायडिंगची. तिथे वाऱ्याचा अंदाज आणि वळणांची सवय चांगली होते, पण पॅराग्लायडर डोंगरावरून उघड्या छत्रीनेच निघतो आणि त्याची छत्री वेगळ्या घडणीची असते. तिथला आत्मविश्वास स्कायडायव्हिंगच्या छत्रीवर जसाच्या तसा नेऊ नये.

पैसे भरण्याआधी काय विचारावे

जाहिरातीत पहिल्या उडीचा किंवा फक्त टप्प्यांचा आकडा असतो. तुम्ही परवान्यापर्यंतचा आकडा मागा: सर्व टप्पे, त्यानंतरच्या उड्या, साहित्याचे भाडे, घडी करण्याचे शुल्क, नापास टप्प्याचे शुल्क आणि परवान्याची फी. स्टॅटिक लाइनची पहिली उडी बरीच स्वस्त दिसते, पण २५ उड्यांपर्यंतचा हिशेब केला की दोन पद्धतींतले अंतर पुष्कळ कमी झालेले आढळते. त्यात मुंबईहून पुन्हा पुन्हा जाण्याचा खर्च मिळवला की ते उलटेही होऊ शकते.

प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचे, कोणत्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे हे विचारा. टँडेमचे प्रमाणपत्र असलेल्याला एएफएफ शिकवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. भारतातल्या केंद्राला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी आहे का आणि मिळणारा परवाना इतर देशांत चालतो का, हेही विचारा. विमान कोणते आणि ते किती उंच जाते याचे उत्तर पद्धतीबद्दल बरेच सांगून जाते: विमान लहान असेल आणि १०,००० फूट गाठायलाच त्याला बराच वेळ लागत असेल, तर तिथे एएफएफच्या दिवसाला तीन उड्या होणे कठीण. विद्यार्थ्यांच्या पिशवीत एएडी आहे का, राखीव छत्री शेवटची कधी घडी केली याची नोंद दाखवतील का, हे विचारताना संकोच वाटू देऊ नका. चांगले केंद्र ती नोंद स्वतःहून काढून दाखवते. हवामानामुळे उडी झाली नाही तर पैसे पुढच्या हंगामात वळते होतात की परत मिळतात, हे तोंडी न ठेवता लेखी घ्या.

परवाना हाती आल्यावर पुढची तारीख लगेच ठरवावी लागते. यूएसपीएच्या शिफारशीनुसार ‘ए’ परवानाधारकाने ६० दिवस उडी मारली नाही तर त्याने पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उजळणीची उडी घ्यावी. नोव्हेंबरात परवाना घेणाऱ्या मुंबईकराने म्हणूनच जानेवारीचा एक मोठा शनिवार-रविवार (उत्तरेत धुके असते म्हणून शक्यतो पट्टाया किंवा दुबईसाठी) आणि मार्चमधले चार-पाच दिवस त्याच वेळी रजेच्या अर्जात घालून ठेवावेत. मार्चनंतर पाऊस संपेपर्यंत उडी होणार नाही हे गृहीत धरून ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पहिल्या फेरीत एक पूर्ण दिवस उजळणीसाठी राखावा.